नाव एक की माणूस एक? संगणकातील शब्दांच्या तुलनेविषयी

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण ज्या पेठेत जमलो आहोत तिचे नाव मंगळवार पेठ. याच नावाची पेठ पुण्यात आहे, सोलापुरात आहे, साताऱ्यात आहे आणि कऱ्हाडातही आहे. पाकिटावर नुसते 'मंगळवार पेठ' एवढेच लिहिले, तर टपाल खात्याने ते कोठे न्यावे? आता याची दुसरी बाजू पाहा. कोल्हापूरच्याच पेठेचे नाव कोणी दोन शब्द तोडून 'मंगळवार पेठ' असे लिहितो, कोणी जोडून 'मंगळवारपेठ' असे लिहितो, तर कोणी हिंदीच्या सवयीने 'मंगलवार पेठ' असेही लिहून जातो. शहर ठाऊक असले की पोस्टमन ही तिन्ही पत्रे बिनचूक एकाच ठिकाणी पोचती करतो. पहिल्या उदाहरणात शब्द एक आणि जागा अनेक. दुसऱ्यात जागा एक आणि शब्द अनेक. माणसाला हा भेद मुद्दाम शिकवावा लागत नाही. संगणकाला तो शिकवावा लागतो, आणि शिकविणाऱ्याने जेवढे शिकविले तेवढेच त्याला कळते.

हा विषय केवळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आहे, असे आता म्हणता येणार नाही. एकाच शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर असते, शिधापत्रिकेवर असते, बँकेच्या खात्यावर असते आणि आधार कार्डावर असते. प्रत्येक ठिकाणी ते निराळ्या माणसाने, निराळ्या वर्षी आणि बहुधा निराळ्या कळफलकावर लिहिलेले असते. लाभ देण्याची वेळ आली की एखादा प्रोग्राम ही नावे एकमेकांशी ताडून पाहतो. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत नाव जुळत नाही म्हणून हप्ता अडल्याच्या तक्रारी घेऊन आलेले खातेदार आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. 'जुळत नाही' हे दोन शब्द पडद्यावर उमटतात तेव्हा आत नेमके काय घडलेले असते, हे समजून घेण्यासाठी थोडे यंत्रात डोकवावयास हवे.

नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची संगणकभाषा तयार केली. व्यवहारातील शेतकरी, गट, अर्ज, खाते अशी प्रत्येक गोष्ट संगणकात एक स्वतंत्र 'ऑब्जेक्ट' म्हणून मांडावी, तिची माहिती आणि तिने करावयाची कामे तिच्याजवळच ठेवावीत, ही कल्पना तेथून रूढ झाली. अशा भाषांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री भाषा म्हणतात. कार्यालयीन प्रणालींमध्ये फार वापरली जाणारी जावा ही याच घराण्यातील. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली ही भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली. जावामध्ये शब्द वा वाक्य हेदेखील एक ऑब्जेक्टच असते. त्याला स्ट्रिंग म्हणतात. माळेत मणी ओवावेत तशी एकामागून एक ओवलेली अक्षरे, असा त्याचा अर्थ.

अशा दोन स्ट्रिंग समान आहेत का, हे जावाला दोन प्रकारे विचारता येते. ग्रामसभेच्या ठरावाची एक प्रत पंचायतीच्या फायलीत आणि दुसरी पंचायत समितीत आहे असे समजा. 'हा तोच कागद आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येईल, कारण कागद दोन आहेत. 'दोन्हींतील मजकूर एकच आहे काय?' याचे उत्तर मात्र 'होय' असे येईल. जावामध्ये दुहेरी बरोबरचिन्ह पहिला प्रश्न विचारते आणि 'इक्वल्स' नावाची क्रिया दुसरा. नवशिका प्रोग्रामर बरोबरचिन्ह पाहतो, मजकुराचीच तुलना होत आहे असे समजतो आणि फसतो.

या फसगतीस भाषेची एक सोय हातभार लावते. प्रोग्रामच्या मजकुरातच अवतरणचिन्हांत लिहिलेल्या सारख्या शब्दांच्या वेगवेगळ्या प्रती जावा ठेवीत नाही. एकच प्रत ठेवून सर्वांना तिच्याकडे बोट दाखवावयास लावते. त्यामुळे टेबलावर चाचणी घेताना दुहेरी बरोबरचिन्हही 'होय' असे उत्तर देते आणि सर्वांचे समाधान होते. प्रत्यक्ष कचेरीत एक नाव कळफलकावरून येते, दुसरे साठवलेल्या नोंदींतून वाचले जाते, ऑब्जेक्ट दोन होतात आणि तोच प्रोग्राम तेच नाव नाकारतो. अन्य भाषांत याची व्यवस्था निराळी आहे. सिम्युलाने दोन प्रश्नांना पहिल्यापासून दोन चिन्हे दिली होती. सी-शार्प या भाषेत स्ट्रिंगच्या बाबतीत दुहेरी बरोबरचिन्ह मजकूरच पाहते. पायथॉनमध्ये 'तोच कागद काय' हे विचारण्यास 'इज' असा वेगळा शब्द आहे. चिन्ह कोणतेही असो, प्रश्न दोन आहेत.

योग्य प्रश्न विचारला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. मराठीच्या बाबतीत खरी अडचण येथूनच सुरू होते. संगणक अक्षर पाहत नाही, अक्षराचा क्रमांक पाहतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणारे युनिकोड हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. भारताचे स्वतःचे इस्की हे मानकही त्याच वर्षीचे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागास २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले आहेत. 'कोल्हापूर' या नावात आपण चार अक्षरे मोजतो. संगणक नऊ मोजतो, कारण काना, मात्रा, उकार आणि पायमोडीचे चिन्ह हे त्याच्या लेखी प्रत्येकी स्वतंत्र मणी आहेत.

आता शेजारच्या कऱ्हाडाचे नाव घेऊ. त्यातील 'ऱ्ह' हा मराठीचा खास जोडाक्षर. तो तीन रीतींनी टंकित होऊ शकतो. पहिल्या रीतीत ऱ या अक्षराचा स्वतःचा क्रमांक, २३५३, वापरला जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याला स्वतंत्र कळच आहे. दुसऱ्या रीतीत साधा र (२३५२) आणि त्यापुढे नुक्ता (२३६४) असे दोन मणी येतात. तिसऱ्या रीतीत साधा र, पायमोडीचे चिन्ह (२३८१) आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर तिन्ही वेळा 'कऱ्हाड' असेच दिसते; कागदावर छापले तरी तिळमात्र फरक दिसत नाही. पण मणी मोजले तर पहिल्यात सहा आणि उरलेल्या दोहोंत सात. 'इक्वल्स'ने विचारले तर तिन्ही नावे परस्परांहून भिन्न ठरतात. कऱ्हाडचा मूळ रहिवासी, कऱ्हाडे आडनावाचा विद्यार्थी, गोऱ्हे आडनावाची लाभार्थी भगिनी, यांच्या अर्जावर 'जुळत नाही' असा शेरा येतो. दोन्ही कागद समोर धरून पाहणाऱ्या लिपिकाला त्यांत काहीच न्यून सापडत नाही. नागरिकाने काय दुरुस्त करावे हे तोही सांगू शकत नाही.

युनिकोडनेच यावर एक उपाय सांगितला आहे. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. आपण एकरूपीकरण म्हणू. तुलनेपूर्वी दोन्ही स्ट्रिंग ठरावीक रूपात आणून घ्यावयाच्या. जावामध्ये त्याची तयार सोय आहे. या उपायाने पहिली आणि दुसरी रीत एक होतात, तिसरी मात्र वेगळीच राहते. अदृश्य जोडचिन्हाला एकरूपीकरण हात लावीत नाही. त्यासाठी प्रणाली तयार करणाऱ्याने मराठीचा खास नियम जोडावा लागतो. 'ॲडव्होकेट' मधील आद्याक्षराचीही अशीच कथा आहे. त्या अक्षराला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वी अ लिहून त्यावर चंद्राचे चिन्ह देत असत. दोन्ही रीती आजही चालू आहेत आणि एकरूपीकरणाने त्या एक होत नाहीत. यांत भर म्हणजे विसर्गाच्या जागी टंकलेले अपूर्णविरामाचे चिन्ह, नावाच्या शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा, आणि एका नोंदीत देवनागरी तर दुसरीत इंग्रजी अंकांत लिहिलेला गट क्रमांक. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, इंग्रजी शून्याचा ४८.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकांसाठी एकाही नागरिकाचा अर्ज परत जाता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे फरक पुसून टाकणे हे सर्वस्वी यंत्राचे काम आहे आणि ते नोंद करतानाच झाले पाहिजे. कोणत्याही कार्यालयाने नवी प्रणाली ताब्यात घेताना, संगणक विभागाच्या साहाय्याने, 'कऱ्हाड' हे नाव तीन रीतींनी टंकून शोध घ्यावा. तिन्ही वेळा तीच नोंद सापडली तरच स्वीकृतीची सही करावी. या परीक्षेला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

याच्या पुढची पायरी लेखनाची आहे, आणि तेथे यंत्राला एकट्याने निर्णय करता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, शब्दाच्या अखेरचे इकार-उकार दीर्घ झाले. त्यामुळे जुन्या दप्तरातील 'वडगांव' नव्या नोंदीत 'वडगाव' झाले. आजोबांच्या खात्यावरील 'विष्णु' नातवाच्या दाखल्यावर 'विष्णू' झाला. लिहिणाऱ्यांपैकी कोणीच चुकले नव्हते; दोघांनीही आपापल्या काळचा नियम पाळला. मोडी दप्तरांत तर इकार आणि उकार लिहिण्याची रीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद न ठेवणारी होती. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागद वाचून देवनागरीत उतरविणारा वाचक वेलांटी पहिली की दुसरी हे स्वतःच ठरवीत असतो, आणि पुढे संगणक त्याच वेलांटीवर अडून बसतो. (मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान २०१४ साली मिळाले. तिचे क्रमांक ६५,५३५ च्या पलीकडचे असल्याने जावा तिचे एकेक अक्षर दोन घरांत ठेवते, ही आणखी एक गंमत.)

आपल्या भागाची स्वतःचीही एक तऱ्हा आहे. 'बाळासाहेब' हे नाव कोल्हापूर-सांगलीकडे सर्रास 'बाळासो' असे लिहिले जाते; तसेच दादासो, आप्पासो, रावसो. पुण्यामुंबईत बसून प्रणाली लिहिणाऱ्याला हा 'सो' म्हणजे 'साहेब' हे कोठून ठाऊक असणार? अण्णा आणि आण्णा, अप्पा आणि आप्पा हे तर एकाच माणसाच्या दोन सह्यांतही आढळतात. सातबाऱ्यावर स्त्रीच्या नावापुढे 'भ्र.' लिहून पतीचे नाव देण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्या बँकखात्यावर त्या 'भ्र.'चा मागमूस नसतो.

यावर उपाय म्हणून कित्येकजण 'जवळपास जुळणारी' नावे एकच धरण्याची शिफारस करतात. इंग्रजी नावांसाठी अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली उच्चारावरून सांकेतिक खूण देण्याची पद्धत पेटंट केली. रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली, एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरे बदलावी लागतात यावरून दोन शब्दांतील अंतर मोजण्याची रीत मांडली. शोध घेण्यासाठी या युक्त्या फार उपयोगी आहेत. मराठीपुरते ल-ळ, न-ण, श-ष आणि ऱ्हस्वदीर्घ सैल सोडले तरी पुष्कळ काम होते. पण जवळ असणे म्हणजे समान असणे नव्हे. काळे आणि काटे यांत एका अक्षराचा फरक. काटे आणि माटे यांतही एकाच अक्षराचा. एका अक्षराचा फरक माफ केला तर काळे म्हणजे काटे, काटे म्हणजे माटे, आणि पाहता पाहता काळ्यांची जमीन माट्यांच्या नावे! जावाच्या नियमांत समानतेविषयी एक अट घातलेली आहे: पहिले दुसऱ्यासमान आणि दुसरे तिसऱ्यासमान असेल, तर पहिले तिसऱ्यासमान असलेच पाहिजे. 'जवळपास'चा नियम ही अट पाळू शकत नाही. म्हणून अशा जुळणीने फक्त संभाव्य नावांची यादी काढावी, आणि ती यादी माणसापुढे ठेवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शब्दांची तुलना कशी करावयाची हे जावाला स्वतःहून ठाऊक आहे. पण 'व्यक्ती' नावाचा नवा प्रकार आपण तयार केला, तर दोन व्यक्ती समान केव्हा मानावयाच्या हे भाषेला ठाऊक नसते. आपण काही सांगितले नाही, तर ती 'तोच कागद' एवढेच पाहते. 'इक्वल्स'ची जागा ती आपल्यासाठी मोकळी सोडते. त्या मोकळ्या जागेत कोणीतरी नियम लिहितो: नाव, वडिलांचे नाव आणि गाव जुळले की माणूस तोच. हा नियम तांत्रिक दिसतो, पण तो प्रशासकीय निर्णय आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असलेल्या गावात तो पुरेल काय? विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे काय? याचे उत्तर प्रोग्रामरपाशी नाही. ते तलाठ्यापाशी (२०२४ पासून ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), मुख्याध्यापकांपाशी आणि पंचायत सदस्यांपाशी आहे. तरीही ही जागा बहुतेक वेळा त्यांना न विचारताच भरली जाते.

ताजे उदाहरण द्यावयाचे तर, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. माणूस ओळखण्यास आणखी एक खूण मिळाली, हे स्वागतार्ह आहे. पण पूर्ण नाव एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये साठविणाऱ्या आणि दुसरा शब्द म्हणजे वडील असे समजणाऱ्या प्रणालीत आता आई वडिलांच्या जागी जाऊन बसेल. नावाचे भाग वेगवेगळ्या रकान्यांत ठेवले तर ही अडचण उद्भवत नाही.

समानतेचा नियम बदलला की त्याच्या सोबत आणखी एक गोष्ट बदलावी लागते. अभिलेख कक्षात कागदाचे रुमाल ठरावीक मांडणीवर ठेवतात, तसा संगणक प्रत्येक ऑब्जेक्टच्या मजकुरावरून एक अंक काढून त्या अंकाच्या कप्प्यात तो ठेवतो. जावामध्ये त्याला हॅशकोड म्हणतात. समान ठरणाऱ्या दोन गोष्टींचा हा अंक एकच आला पाहिजे, असा दंडक आहे. 'बाळासो' आणि 'बाळासाहेब' समान असे आपण ठरविले पण कप्पा काढण्याची रीत जुनीच ठेवली, तर नोंद एका कप्प्यात राहते आणि शोध दुसऱ्या कप्प्यात चालतो. मग असलेली नोंद 'उपलब्ध नाही' असे उत्तर येते.

नावावर ओळख टांगून ठेवण्याचा धोका टपाल खात्याने फार पूर्वी ओळखला होता. सारख्या नावांची गावे, चुकीचे पत्ते आणि अनेक लिप्या यांतून मार्ग काढण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे पंडितही होते, पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. आज आपल्या मंगळवार पेठेच्या पिनकोडचा आरंभ ४१६ ने होतो, पुण्याच्या ४११ ने, सोलापूरच्या ४१३ ने. सातारा आणि कऱ्हाड दोन्हींचा आरंभ ४१५ ने होतो, पण पुढचे तीन अंक त्यांना वेगळे करतात. त्यांनी पत्त्यावरील नाव काढून टाकले नाही. त्याच्या शेजारी अंक ठेवला. आपल्या नोंदींतही तसेच व्हावे. ओळख क्रमांकावर असावी, नाव पडताळणीसाठी असावे, आणि क्रमांक जुळूनही नाव जुळले नाही तर अर्ज आपोआप फेटाळला न जाता अधिकाऱ्याच्या टेबलावर यावा. त्याने अर्जदाराचे म्हणणे ऐकावे, ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत की नाहीत हे ठरवावे आणि तो निर्णय कारणासह त्याच नोंदीत लिहून ठेवावा, म्हणजे त्या माणसाला पुढील हप्त्याच्या वेळी पुन्हा तेच प्रतिज्ञापत्र करावे लागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक मुद्दा उरला. तुलना केवळ समानतेसाठी होत नाही. क्रम लावण्यासाठीही होते. साध्या तुलनेत संगणक क्रमांकाप्रमाणे चालतो. त्याच्या हिशेबी ळ (२३५५) हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या अलीकडे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाहीत. क्ष हा क, पायमोडी आणि ष यांचा बनतो, म्हणून 'क्षीरसागर' हे आडनाव 'कौ' च्या नंतर आणि 'ख' च्या आधी जाऊन बसते. 'ज्ञानेश्वर' हा 'जौ' आणि 'झ' यांच्यामध्ये सापडतो. भाषेनुसार क्रम लावणारी व्यवस्था जावामध्ये आहे. तिला मराठीचा क्रम सांगून ती वापरावी लागते. तोपर्यंत शिष्यवृत्तीची वा मतदारांची छापील यादी भिंतीवर लावताना तिच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एवढे लिहावे, की क्ष ची नावे क मध्ये आणि ज्ञ ची नावे ज मध्ये पाहावीत. वर्णमालेच्या सवयीने शेवटचे पान चाळून परत जाणाऱ्या पालकाला त्याच्या मुलीचे नाव तेथे सापडेल.